विझलेल्या दिव्याचा खांब

संध्याकाळी अंगणातला दिवा लावायला बटणाकडे हात गेला, की मला अजून ते घर दिसतं. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, एकदा तर चोरीला गेलेली म्हैस चांदूर रेल्वेपासून पायी चालवत ठाण्यात आणली. त्यातलं बरंच आता एकमेकांत कालवल्यासारखं झालं आहे. हे प्रकरण मात्र निराळं राहिलं, आणि होतं ते एका बल्बाचं.

मी दहावीनंतर शिपाई म्हणून लागले आणि खात्याच्या परीक्षा देत देत फौजदार होऊन घरी बसले. लिहायला शिकले ती पंचनामे लिहून. त्यामुळे कुठे लांबण लागली तर सांभाळून घ्या, पंचनाम्यात काही सोडायचं नसतं. नावं कोणाचीच देत नाही. ती माणसं अजून तिथेच राहतात आणि चांगली राहतात.

अमरावतीहून नांदगाव पेठकडे जाताना रस्त्याच्या आतल्या बाजूला एक वस्ती आहे. तिथल्या शेवटच्या घरात तीन माणसं होती. कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगमधून निवृत्त झालेला म्हातारा, त्याची बायको आणि त्यांची विधवा सून. मुलगा काविळीने गेला तेव्हा सून माहेरी जायला निघाली होती. सासूने तिची पेटी दारातून उचलून परत आत नेऊन ठेवली, असं वस्तीत अजून सांगतात. सून नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात कामाला लागली. कंपनीची गाडी तिला संध्याकाळी साडेसातला वळणावर सोडायची. वळणापासून घरापर्यंत दोनेकशे पावलं, आणि रस्त्यावर दिवा नाही. म्हणून फाटकाजवळ एक लोखंडी खांब उभा केलेला, वर पत्र्याची टोपी, तिच्याखाली शंभराचा बल्ब. पोरगी गाडीतून उतरली की तिला घर दिसलं पाहिजे, एवढ्यासाठी.

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी सासू त्याच खांबाशी मरून पडली.

दवाखान्यातून ठाण्यात मेमो आला. उजव्या तळहातावर भाजल्याची खूण, मृत्यू विजेच्या धक्क्याने. मी मर्ग दाखल केला. अकस्मात मृत्यूच्या नोंदीला आमच्याकडे मर्ग म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार आणि दोन पंच घेऊन जागेवर गेले.

खांब फाटकाच्या विटांच्या खुंटाला तारेने आवळलेला होता आणि त्याचं खालचं टोक काळ्या मातीतल्या एका खड्ड्यात गेलेलं होतं. आपली काळी माती मे महिन्यात कशी होते ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. खांबाभोवती एवढी भेग पडली होती की माझी बांगडीसकट मूठ आत गेली. बाजूला प्लास्टिकची बादली आडवी पडलेली. पाणी कधीच सुकून गेलं होतं.

हवालदार स्टुलावर चढून वर पाहत होता. तो म्हणाला, "म्याडम, याले एकच तार हाये."

"नीट पाहा."

"नीटच पाहून राहिलो. घराकडून एक तार येते. होल्डरच्या दुसऱ्या पेचात काहीच नाही. पेच मात्र ढिला केलेला दिसते, चकाकून राहिला."

एका तारेवर दिवा लागत नसतो, एवढं मलाही कळत होतं. म्हणजे दुसरी तार कोणीतरी काढली होती, आणि तीही नुकतीच. घरात विचारलं. म्हातारा खाटेवर बसून होता, त्याने मान हलवली. सून चुलीशी बसून होती, ती म्हणाली, "मले नाही माहीत." मी पंचनाम्यात लिहिलं, दुसरी तार मिळून आली नाही. विद्युत निरीक्षकांना पत्र पाठवलं. विजेने माणूस गेला की त्यांचा अहवाल लागतोच.

त्याच दुपारी ठाण्याचा फोन वाजला. बाईचा आवाज होता.

"म्याडम, माहं नाव नका घेऊ. मी कोन हाये ते सांगनार नाही. पन त्या म्हातारीले सुनेनं मारलं."

"तुम्ही पाहिलं?"

"मंग? सासू पडली होती, हे गाडीतून उतरून आली. माय वं, मानूस पडलेलं दिसलं तं जवळ जाते ना मानूस? हे तिच्या आंगावरून सरळ घरात पळाली! हातसुद्धा लावला नाही. म्या माह्या डोयानं पाह्यलं."

"तुम्हाला एवढं स्पष्ट कुठून दिसलं?"

"आता समोरच्याच घरातून दिसन ना, बापा!" असं म्हणून तिने फोन ठेवला.

निनावी फोन करणारी माणसं बहुतेक वेळा आपलं नाव अशीच सांगून जातात. हवालदार हसला, मी मात्र हसले नाही. कारण गोष्ट खोटी वाटत नव्हती. पडलेल्या माणसाला ओलांडून घरात पळणारी सून, आणि रात्रीतून गायब झालेली तार. मी तुमच्यापासून लपवत नाही, माझ्या मनात त्या वेळी सुनेचं नाव पक्कं झालं होतं.

तिसऱ्या दिवशी मेलेल्या बाईचा भाऊ अकोल्याहून आला. साठीचा माणूस, डोळे रडून सुजलेले, पण आवाज चढलेला.

"माही एकच बहीन होती, म्याडम. खुनाचा गुन्हा नोंदवा. नाही नोंदवला तं मी वर जातो."

"पुरावा पाहू द्या आधी."

"पुरावा? सारी वस्ती बोलून राहिली! तिले दुसरं घर करायचं असन, बहीन आडवी येत असन."

"असन म्हणजे आहे का?"

पण तो उठला नाही. ठाण्याच्या बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसून राहिला. अशा माणसाला बाहेर काढता येत नाही. त्याचं दुःख खरं असतं, रोख तेवढा चुकलेला असतो.

आता नियम असा आहे की बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नाही, आपण तिच्या घरी जायचं. म्हणून चौथ्या दिवशी सकाळी मी महिला शिपाई घेऊन वस्तीत गेले. सून फाटकातच भेटली. म्हातारा आत खाटेवर होता. मी म्हटलं, आत बसून बोलू. तिने वळून खाटेकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "म्याडम, इथं नको. मीच येते तुमच्यासंगं ठाण्यात."

पस्तीस वर्षांत ठाण्यात स्वतःहून निघालेली बाई मी पहिल्यांदा पाहत होते. लोक ठाण्याची पायरी टाळायला देवाला नवस बोलतात. तेव्हाच मला खटकायला हवं होतं. खटकलं, पण उलट बाजूने. मला वाटलं, हिला घरात काहीतरी लपवायचं आहे.

ठाण्यात आल्यावर मी आधी चहा मागवला. चौकशीत माझी पद्धत तीच. भुकेला माणूस एकतर काहीच सांगत नाही, नाहीतर सुटायसाठी काहीही सांगतो. तिने कप दोन्ही हातांनी धरला, पण प्यायली नाही.

"त्या दिवशी काय झालं ते सांग."

"गाडीतून उतरली. दिवा दिसला नाही. वाटलं, लाइन गेली असन. पन समोरच्यांचा पंखा चालू होता. फाटकाशी आली तं आत्याबाई पडल्या होत्या. हात खांबाले होता."

"मग तू घरात का पळालीस?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दोन आणि दोन किती असं विचारलं होतं. "मेन बंद कराले. कंपनीत शिकवलं हाये आमाले, कोनी चिकटलं तं पहिले मेन पाडायची, मंग हात लावायचा. मी मेन पाडली, आन् येऊन त्यायले ओढलं. छाती दाबली, हाका मारल्या." हातातला कप तिने टेबलावर ठेवला. "उशीर झाला होता."

मी लिहायचं थांबले. पडलेल्या माणसाला ओलांडून पळाली, हे खरंच होतं. आणि तिने तेच करायला हवं होतं. ती सासूला धरायला गेली असती तर मला दोन मर्ग लिहावे लागले असते.

"आणि तार?"

तिने एकदा दाराकडे पाहिलं. मग पायाशी ठेवलेल्या कामाच्या पिशवीतून तिने जेवणाचा डबा काढला. डबा उघडला. त्यात पोळी नव्हती, हातभर काळी तार होती, गुंडाळून ठेवलेली.

"हे पाहा. म्याच काढली. म्याच लावली होती. दिवा लागत नव्हता म्हनून म्या होल्डरची एक तार खांबाले बांधली. माह्या हातानं आत्याबाई गेल्या. काय करायचं ते करा, पन मामाजीले काही इचारू नका. त्यायचं काही नाही याच्यात."

मामाजी म्हणजे सासरा. महिला शिपायाने माझ्याकडे पाहिलं. पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, पण अटकेला पुरते. बाहेर बाकावर अकोल्याचा भाऊ आजही येऊन बसलेला होता. मी बाहेर जाऊन एक शब्द बोलले असते, तर त्या दिवशी तो आणि वस्ती दोघंही शांत झाले असते.

मी तार हातात घेतली. जप्त करायची म्हणजे वर्णन लिहावं लागतं. लांबी, रंग, टोकं. एक टोक उघडं, पेचात बसणारं. दुसऱ्या टोकाला फास होता. तार स्वतःतच अडकवून, मागे दुमडून, वरून तीन वेढे असे घट्ट मारलेले की नखाने सुटेना. वर्णनाला शब्द सापडेनात म्हणून मी दोनदा पाहिलं, आणि त्या दोनदा पाहण्यानेच पुढचं सगळं झालं.

मी हवालदाराकडून हातभर वायर मागवली आणि तिच्यापुढे ठेवली. टेबलाचा लोखंडी पाय दाखवला.

"जशी खांबाला बांधलीस, तशी बांधून दाखव."

ती खाली बसली. बोटं इतकी झरझर चालली की मला नीट दिसलं नाही. गाठ तयार! बारीक, सपाट, देखणी गाठ, आणि वायरला ती धरेना. सटकन सुटली. तिने पुन्हा मारली. पुन्हा तीच.

"कारखान्यात काय काम करतेस?"

"सुताचे कोन भरते, मशीनवर. धागा तुटला की जोडते."

"दिवसाला किती गाठी?"

"मोजल्या नाही कधी." आणि मग तिच्या लक्षात आलं. टेबलाखालून तिने वर पाहिलं. त्या नजरेत गुन्हेगाराची भीती नव्हती. मी कोणाच्या तरी अंगावरचं पांघरूण ओढून घेत असल्यासारखं ती माझ्याकडे पाहत होती.

"म्याडम, राहू द्या ना," एवढंच म्हणाली.

मी तिला महिला शिपायाजवळ बसवलं आणि निघाले. त्याच दिवशी विद्युत निरीक्षक जागेवर येणार होते. निवृत्तीला आलेला, बारीक, शांत माणूस. मी पोचले तेव्हा ते खांबाशी उकिडवे बसून टॉर्चने भेगेत पाहत होते. म्हातारा फाटकात उभा होता.

मी अंगण पाहू लागले. कपडे वाळवायची तार बोरीच्या झाडाला बांधलेली. तिच्या टोकाला फास, मागे दुमडलेला, वर तीन वेढे. फाटकाचं बिजागर तुटलेलं, तिथे तसाच फास. त्या आडव्या पडलेल्या बादलीची कडीसुद्धा तारेची होती, आणि तिच्या दोन्ही टोकांना तेच.

"बाबाजी, तुम्ही जिनात काय काम करायचे?"

"प्रेसवर होतो. रुईच्या गठाणी आवळून तार माराले. छत्तीस वर्सं." त्याने हात पुढे केले. तळव्यांवर तारेचे जुने पांढरे वळ होते. "माही मारलेली तार गठान फुटली तरी सुटत नसे."

निरीक्षक तेवढ्यात उठले आणि गुडघे झटकत मला सांगू लागले. म्हातारा ऐकतो आहे याकडे त्यांचं लक्ष नव्हतं, आणि माझंही उशिरा गेलं.

"म्याडम, दिव्याला दोन तारा लागतात. एक करंट आणणारी, फेज. दुसरी परत नेणारी, न्यूट्रल. इथली न्यूट्रल जमिनीत कुठंतरी तुटली असेल, उंदरानं खाल्ली असेल. ती बदलायच्या ऐवजी कोणीतरी ती काढून टाकली आणि बल्बच्या दुसऱ्या पेचातून तार घेऊन या खांबाला बांधली. खांब जमिनीत, जमीन ओली, मग करंट बल्बमधून जमिनीत जातो आणि दिवा लागतो. पावसाळ्यात लागतो, हिवाळ्यात लागतो. उन्हाळ्यात माती सुकली की मंद होतो. मग लोक काय करतात, बुडात बादलीभर पाणी टाकतात. की पुन्हा लख्ख!"

"मग त्या दिवशी?"

"त्या दिवशी मातीनं खांब सोडलाच. ही भेग पाहा ना, चहूबाजूंनी मोकळा. करंट बल्बमधून खांबापर्यंत आला आणि पुढे जायला जागाच नाही. म्हणून दिवा विझला. आता माणसाला वाटतं, दिवा विझलेला आहे म्हणजे वीज नाही. इथं उलटं असतं. दिवा विझला तेव्हाच हा खांब जिवंत झाला. बाईनं एका हातानं खांब धरला, दुसऱ्यानं पाणी ओतलं. पाणी भेगेतून तळाला पोचायच्या आधी तिचे पाय ओले झाले." त्यांनी चष्मा पुसला. "अर्थिंगची, म्हणजे जमिनीत उतरवलेली तार ही राखणदार असते, म्याडम. एरवी तिच्यातून काही वाहायचं नसतं. कुठं बिघाड झाला तरच तिनं धावून यायचं. तिला रोजच्या कामाला जुंपलं की संकटाला कोणी उरत नाही. ही युक्ती कोणाची होती?"

समोरच्या घरातली बाई सूप हातात घेऊन दारात उभी होती, तिने पाखडणं थांबवलं.

"माही," म्हातारा म्हणाला.

तो खाली बसला नाही, रडला नाही. फाटकाला धरून बोलत राहिला. "दिवाळीत दिवा बंद पडला. वायरमन दोन दिवस आला नाही. घरची म्हने, पोरगी अंधारात येते, आजच्या आज काहीतरी करा. म्या केलं. लागला. हे लय खूश झाली. चैत्रात मंद झाला तं म्याच सांगतलं तिले, बुडात पानी टाकत जा, लागन. रोज टाके मंग. साडेसातच्या आधी. बादली पडलेली पाह्यली तवाच मले समजलं."

"मग बोलला का नाहीत?"

"सकाळी उठलो तं सून स्टुलावर चढून तार काढून राहिली होती. मले वाटलं, माही लाज राखून राहिली. मंग म्हतलं, तिले वाटते मले समजलं नाही, तं तसंच राहू द्यावं. तिच्या जिवाले तेवढाच आराम." त्याने घराकडे पाहिलं. "कुठी हाये ते? कामावर गेली का?"

"ठाण्यात आहे. तार तिनंच बांधली म्हणते."

म्हाताऱ्याने हे ऐकलं आणि आत गेला. खुंटीवरची टोपी घालून, पायात वहाणा सरकवून बाहेर आला. "चाला," म्हणाला. मी जीपचं दार उघडेपर्यंतसुद्धा त्याला धीर नव्हता.

ठाण्यात तो आला तेव्हा सून बाकाजवळ उभी होती, आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला मेलेल्या बाईचा भाऊ. सून पुढे धावली.

"मामाजी, तुमी काहून आले? उन्हाचं?"

"तू काहून आली?" म्हातारा म्हणाला. "तुले काय गाठ मारता येते काय तारेची? खोटं बोलाले तरी हुन्नर लागते, पोरी." मग तो मेहुण्याकडे वळला. "भाऊ, तुमची बहीन माह्या हातच्या तारेनं गेली. ज्याले जे म्हनायचं ते मले म्हना. हिले नाही. हे माहं पाप सोताच्या डब्यात घेऊन फिरून राहिली चार दिवस."

सून तोंडावर पदर घेऊन खाली बसली आणि त्या चार दिवसांत पहिल्यांदा रडली. म्हातारा तिच्या बाजूला फरशीवर टेकला. तिच्या डोक्यावर हात ठेवायला त्याने हात उचलला, स्वतःच्याच तळहाताकडे पाहिलं आणि मांडीवर परत ठेवला. तिने तो ओढून आपल्या डोक्यावर घेतला.

अकोल्याचा भाऊ बराच वेळ टोपीची कड कुरवाळत होता. शेवटी उठला आणि सुनेला म्हणाला, "चाल वं, घरी चाल. सकाळपासून काही खाल्लं नसशीन." तक्रारीचं काय करायचं, ते त्याने मला विचारलंही नाही.

मी काही पोटात ठेवलं नाही. खरं तेच लिहिलं, तार कोणी बांधली आणि कोणी काढली तेसुद्धा. म्हाताऱ्यानेच तसं सांगितलं होतं, "म्याडम, लिहा. खोटं लिहून ते काही परत येनार नाही." निरीक्षकांचा अहवाल लावला, कागद वरिष्ठांकडे गेले, आणि घरच्याच माणसाच्या अजाणतेपणातून झालेला अपघात म्हणून मर्ग बंद झाला. तार काढल्याबद्दल सुनेला मी रीतसर समज दिली. तिने मान खाली घालून ऐकून घेतली, आणि मला आयुष्यात कोणाला समज देताना एवढं अवघड गेलं नाही.

दिवा मात्र राहिला होता. सून म्हणाली, नको आता दिवा, मी टॉर्च घेऊन येईन. म्हातारा ऐकेना. निरीक्षकांनी एका कागदावर लिहून दिलं आणि परवाना असलेला वायरमन गाठून दिला. म्हातारा म्हणाला, मीच करतो. निरीक्षक म्हणाले, "बाबाजी, खड्डा तेवढा तुमचा. वरचं काम त्याचं." म्हाताऱ्याने तीन दिवस खणून पुरुषभर खोल खड्डा केला. त्यात पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मिठाचे थर दिले, वर झाकण. घरापासून खांबापर्यंत आता तीन तारा आल्या. फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग, नळीतून, मध्ये कुठेही उघडा जोड नाही. अर्थिंगची तार दिव्याच्या पेचाला नाही, खांबाच्या अंगाला. पाणी शिरणार नाही असा बंद दिवा. बटण फेजवर, म्हणजे बंद केलं की वरचं सगळं खरोखर बंद. आणि मेनजवळ एक छोटा डबा, करंट जराही वाट चुकला की डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइन पाडणारा. तो घेताना नीट पाहून, तीस मिलिअँपिअरचा घ्यायचा, असं कागदावर खाली रेघ मारून लिहिलेलं होतं. वायरमन म्हणाला, "हा आधी असता ना, तं खांबाले तार बांधल्याबरोबर पडला असता. युक्ती चाललीच नसती." हे ऐकून म्हातारा बाजूला जाऊन उभा राहिला.

त्या रविवारी मी माझ्या घरी गेले आणि पहिल्यांदा माझ्याच फाटकाचा दिवा पाहिला. कपडे वाळवायची तार त्याच खांबाला बांधलेली होती, माझ्याच हातची. मी ती सोडली, वायरमन बोलावून तसाच डबा आणि अर्थिंगचा खड्डा करून घेतला. दर महिन्याच्या एक तारखेला त्या डब्याचं चाचणीचं बटण दाबते. लाइन पडली की बरं वाटतं. पडली नाही तर डबा बदलायचा. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकते, ते मेन बंद करून, पायात चप्पल घालून आणि पाइपला हात न लावता.

या प्रकरणाने मला काय शिकवलं असं नवीन पोरी विचारतात, तेव्हा मी त्यांना सांगते की कबुली मिळाली म्हणून वही मिटू नका. आम्हाला एवढंच शिकवलेलं असतं की माणूस स्वतःला वाचवायला खोटं बोलतो. दुसऱ्याला वाचवायला बोललेलं खोटं ओळखायचं आम्हाला कोणी शिकवत नाही, आणि ते फार सरळ चेहऱ्याने बोललं जातं. समोरच्या घरातल्या बाईनेही खोटं सांगितलं नव्हतं. तिने पाहिलं तेच सांगितलं. पळणारी सून तिला दिसली, कुठे पळते ते तिला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

निवृत्तीच्या आधी एकदा त्या रस्त्याने येत होते. संध्याकाळचे सात वाजून गेले होते. गाडी थांबवली. दिवा लागलेला होता, स्थिर, पांढरा. म्हातारा खांबाला तळहात टेकवून उभा होता.

मी ओरडलेच. "बाबाजी! हाताने पाहतात का कोणी?"

"टेस्टरनं पाह्यलं," तो शांतपणे म्हणाला आणि खिशातला टेस्टर काढून दाखवला. "रोज पाहतो. मंगच हात लावतो."

"मग आता कशाला धरून उभे?"

"ते अशीच धरून उभी राहे. गाडी येईपर्यंत."

समोरच्या बाईने आपल्या दारातून मला हात केला, मीही केला. थोड्या वेळाने वळणावर कंपनीची गाडी थांबली, दार उघडून बंद झालं. अंधारातून चपलांचा आवाज यायला लागला. सून उजेडाच्या कडेत आली, तेव्हा म्हातारा म्हणाला, "आली," आणि त्याने खांब सोडला.